घरटी एक माणूस

"चुली किती म्हणे! आता माझ्या चुलीत डोकावून ही बाय काय शिजवणार हाय?"

हौसा हे चुलीलाच सांगत होती. पण ओटी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जुन्या लुगड्याचा एक पडदा तेवढा होता, आणि हौसाचं पुटपुटणं खाडीपलीकडं सहज जाई. ओटीवर बसलेल्या अपेक्षानं चहाचा कप तोंडाला लावून हसू लपवलं. तिच्या सुनेनं, निशिगंधानं, शरमून पडदा ओढला. पडदा ओढल्यानं आवाज थोडाच अडतो.

अपेक्षा रोह्याची. तिथल्या एका महिला संस्थेत कामाला. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत एकट्या आईनं किंवा एकट्या बापानं मुलं वाढवणारी कुटुंबं किती आहेत, त्याचा अंदाज बांधायचं काम तिच्याकडं होतं. संस्थेला पेणच्या रामवाडीत अशा मुलांसाठी वसतिगृह काढायचं होतं, आणि आधी पोरं किती येतील ते कळल्याशिवाय खोल्या किती बांधायच्या हे कसं ठरवणार? म्हणून ती जनगणनेचे जुने तक्ते घेऊन बसली होती. त्या तक्त्यांवरून जांभळीखार गावाचा अंदाज निघाला होता दोन.

"दोन?" निशिगंधा म्हणाली. तिला नुसत्या आपल्या दारातून अशी त्याहून जास्त घरं दिसत होती.

"म्हणून तर आले," अपेक्षा म्हणाली. "एकतर तक्ते जुने. त्यात गणनेची रीत अशी, की एक चूल म्हणजे एक घर. कर्त्याचं नाव पहिलं, बाकीच्यांचं त्याच्याशी नातं. आता पलीकडच्या अंगाला कमळाकरदादा म्हणाले, आमचं सगळं मिळून एकच घर. तसंच धरलं तर हौसाबाई त्यांच्या आई, तुम्ही भावजय, भूमिका पुतणी. भरलेलं घर! आई आणि तिची मुलगी असं कुटुंब त्यात सापडतच नाही. मी दहा-बारा गावं दारोदार फिरणार. तक्त्यात किती आणि गावात खरोखर किती ते बघणार. त्या फरकावरून उरलेल्या गावांचा अंदाज."

उंबऱ्यावर पाढे लिहीत बसलेल्या भूमिकानं मान वर केली. "म्हंजे आमी हाव, पन दिसत नाय?"

"तू पाढे लिव," आतून आजी म्हणाली.

खरं तर चुली दोन होत्या. घराच्या मधोमध विटांची आडवी भिंत होती. पलीकडं थोरला कमळाकर, त्याची बायको-पोरं. अलीकडं हौसा, धाकट्या नितेशची बायको निशिगंधा आणि भूमिका. पण कुणी विचारलं की कमळाकर म्हणायचा, "घर एकच." यात लबाडी नव्हती. त्याला ते अभिमानाचं वाटायचं.

"आणि भूमिकाचे बाबा?" अपेक्षानं जमेल तितक्या हलक्या आवाजात विचारलं.

पडदा बाजूला झाला. हौसा पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "कामाला हाय. गुजरातला, बंदरावर. मोठी क्रेन चालवतो. परवाच फोन आला व्हता."

त्या घरात फोन एकच होता आणि तो निशिगंधाच्या कमरेला असायचा. ती जमिनीकडं बघत राहिली. नितेश गेला तेव्हा भूमिका रांगत होती. पहिली एक-दोन वर्षं गणपतीला आला. मग येतो येतो म्हणाला. मग नंबर बदलला.

अपेक्षानं विषय वळवला. "आणि आजी, तुमचे यजमान?"

"ते गेले तवा ह्यो कमळाकर गुडघ्याएवढा. नितेश पोटात."

"म्हणजे तुम्ही दोघांना एकटीनं वाढवलंत."

"एकटीनं कशी?" हौसाला हे लागलं. "दीर व्हता ना माजा."

"ते काय काय बघायचे?"

हौसानं बराच विचार केला. पिठाचे हात पदराला पुसले. "जोळीत माझ्या घराचं नाव सांगायचे," ती म्हणाली, आणि भाकरी करपली असेल म्हणून आत गेली. तव्यावर भाकरी नव्हती.

जोळ म्हणजे गावाचा बांध घालायची रीत. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा उंच बांध असतो, त्याला इकडं बाहेरकाठा म्हणतात. तो टिकला तर भात, नाहीतर मीठ. काठा फुटून खांड पडली की घरटी एक माणूस फावडं घेऊन येणार, बाबाजी म्हातारा एकेका घराचं नाव पुकारणार, आणि ज्यानं ओ दिली त्याचं घर हजर. काठ्याची रेघ कुठून न्यायची हेही घरटी एकाच तोंडानं ठरायचं. एका जरी घरानं नको म्हटलं तरी रेघ थांबायची. ज्या घरात बाप्या नाही, त्या घराचं हौसाच्या दिरासारखं कुणीतरी बोलायचं.

गेल्या पावसाळ्यातल्या उधाणानं काठ्याला मोठीच खांड पाडली होती. पोकलेन आणवला, तो चिखलात रुतला, आणि त्याला बाहेर काढायला दुसरा आणावा लागला. दोन्ही पोकलेन गेले, खांड राहिली. भरतीचं पाणी आत येऊन गेलं की खाचरांवर मिठाची पांढरी साय धरायची. चैत्र लागला होता. पावसाच्या आत काठा उभा राहिला नाही, तर यंदाही पेरायचं काय?

*

"हिला जरा गाव दाखव. न्हायतर पडंल कुठं चिखलात," हौसानं सांगितलं म्हणून निशिगंधा अपेक्षाबरोबर निघाली. पाहुणी घरातून निघावी हाही हेतू असावा.

धोंडुबाई दारात वाल सोलत होती. तिची लेक नमिता गडब गावात दिली होती. दोन मुलगे घेऊन ती माहेरी आली त्याला कैक वर्षं झाली, मोठा मुलगा आता पाचवीत गेला होता.

"एकटी? कोन एकटी? माझी लेक?" धोंडुबाईनं सूप बाजूला ठेवलं. "बाळंतपणाला आलीय ती."

"धाकटा किती वर्षांचा?" अपेक्षानं विचारलं.

"सात."

आतून नमिताचं हसू ऐकू आलं. ते लगेच थांबलं.

पुढं जनू भेटला, नागोठण्याकडच्या कंपनीत शिफ्ट करणारा. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एका हातानं लेकीची वेणी धरून दुसऱ्या हातानं तो फणी शोधत होता. फणी त्याच्याच केसांत अडकलेली होती.

"एकट्यानं मुलगी सांभाळता का तुम्ही?" अपेक्षानं विचारलं.

"छ्या! मी बाप्या हाय. ते तुमचं बायकांचं," जनू म्हणाला. "आई हाय ना माझी."

त्याची आई आत अंथरुणाला खिळलेली होती. तिलाही तोच न्हाऊ घालायचा. लेक म्हणाली, "बाबा, वेणी सोड, दुकतंय."

असं करत वाडी संपली. कुणाचा नवरा बोटीवर, कुणाची लेक "रागावून आलीय, जाईल", कुणाचा जावई "सुट्टी मिळत नाय" म्हणून कधीपासून आलेला नाही. सगळ्यांनी पाणी विचारलं, दोघींनी चहा दिला, एकीनं वालाच्या शेंगा पिशवीत भरून दिल्या. एकटं मात्र कुणीच नव्हतं.

परत येताना अपेक्षा बांधावर टेकली. चपलेत काटा गेला होता. "तुमच्या गावाचं उत्तर शून्य आलं," ती म्हणाली. "तक्त्यात दोन तरी होते. मी येऊन तेही घालवले."

निशिगंधा हसली. मग काटा काढायला तिचा पाय मांडीवर घेत म्हणाली, "तुमी इचारता तसं कोन सांगनार? एकटी म्हटलं का टाकलेली म्हटल्यासारखं व्हतं."

"मग कसं विचारू?"

"मला काय म्हाईत!" काटा निघाला. तिनं तो दूर फेकला. "मला कवा कोनी इचारलंच नाय."

*

त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं जोळीची बैठक बसली. पुरुष पारावर, बायका मागं तुळशीच्या कट्ट्याजवळ. बाबाजीनं काठीनं मातीत खांड आणि तिच्याजवळची खाचरं काढून दाखवली.

"जुन्या रेघेनं काठा न्यायचा तर लांब वळसा. खड्डाबी खोल. हात पाह्यजेत. मी घरं मोजली. भांगाची भरती हाय तवर पानी कमी, तेवढ्यात व्हायला पायजे. एवढ्या घरांत नाय व्हनार." त्यानं काठीनं आतल्या बाजूनं दुसरी रेघ ओढली. "हितनं आत वळवू. काम निम्मं."

ती रेघ एका चौकोनावरून गेली. चौकोन खाडीच्या बाजूला राहिला. मागं बसलेल्या निशिगंधाला मातीतलं दिसत नव्हतं, पण तिनं ओळखलं. खांडीला लागून एकच खाचर होतं, नितेशच्या वाटणीचं. लग्न झाल्यापासून ती कसत होती. तेवढ्यावर दोघीतिघींचं वर्षाचं भात व्हायचं.

बाबाजीनं घरोघर विचारलं. "चालंल." "चालंल." कमळाकरचं नाव आलं. तो जरा अडखळला, मग म्हणाला, "आमच्या घराची बाकी खाचरं वाचतात. चालंल."

"माझं खाचर बाहेर जातंय," निशिगंधा बसल्या जागेवरून म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

सगळे वळले. बाबाजी रागावला नाही. उलट समजुतीनं म्हणाला, "गो बाय, घरटी एक तोंड. तुमच्या घरचं कमळाकर बोलला. आता नितेश आला का तेचं तेला इचारू."

कुणीतरी खोकलं. कुणीतरी, डास फार झालेत, म्हणालं. हौसा गुडघ्यावर हनुवटी ठेवून मारुतीकडं बघत होती.

घरी आल्यावर कमळाकर भिंतीला वळसा घालून अलीकडं आला. दारातच उभा राहिला. "निशिगंधा, माझं भात तुमाला नाय का? भूमिका मला काय परकी हाय?"

"परकी नाय, दादा. तुमी कदी तसं वागलाव नाय."

"मग?"

"मागायला लागंल ना."

"मग माग की! मी नाय म्हनलोय?"

तो खरोखर गोंधळला होता. मागणं म्हणजे काय, हे त्याला कधी कळायची वेळच आली नव्हती. निशिगंधा आत वळली. रात्रीचा भात लावायचा होता.

*

सकाळी बाबाजीनं नावं पुकारली. घरं ओ देत गेली. नावं संपली तरी निशिगंधा फावडं घेऊन उभीच होती, साडीचा काष्टा मारून.

"तुमच्या घरचा कमळाकर हाय," बाबाजी म्हणाला.

"व्हय. मी आपली अशीच."

अशीच म्हणणाऱ्या बाईला जोळीतून हाकलायचं कसं, याची रीत नव्हती. बाबाजी दुसरीकडं वळला.

रेघ नंतर आखायची होती. त्याआधी खांडीच्या दोन्ही तोंडांना माती लावून ती बांधून घ्यायची होती. दोन रांगा लागल्या. खालचा माणूस फावड्यानं चिखलाचं ढेप कापायचा, ते हातोहात वर यायचं, वरचा ते काठ्यावर थापून पायानं दाबायचा. ओलं ढेप पोराएवढं जड. पोटाशी धरावं लागतं, नाहीतर निसटतं. गुडघ्याएवढ्या चिखलात पाय उचलला की चिखल आवाज करून तो परत ओढायचा. खाली कालवांच्या कपऱ्या, धारदार शिंपले. दुपारपर्यंत निशिगंधाच्या दोन्ही पावलांना चिरा पडल्या आणि खारं पाणी त्यांत शिरून झोंबायला लागलं. ऊन असं, की पाठीवरचा चिखल वाळून पापड व्हायचा आणि वाकलं की तडकायचा.

"दिराच्या डोक्यावर बसून मिरवतेय," रांगेतला एकजण दुसऱ्याला म्हणाला. ढेप तिच्याच हातात देता देता म्हणाला, म्हणून तिला ऐकू आलं. तिनं ढेप पुढं दिलं.

कमळाकर तिच्या पलीकडं दोन माणसं सोडून होता. दिवसभर त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. दुपारी मात्र पाण्याची कळशी आली तेव्हा आपण न पिता आधी तिच्याकडं सरकवली.

घरी हौसानं तिचे पाय परातीत घेतले. गरम पाण्यानं धुतले, खोबरेल लावलं. चिरेवर बोट आलं की निशिगंधा दात आवळायची.

"कशाला गो जातीस? नाव तर पुकारीत नाय."

"खाचर जातंय, आय."

हौसानं दुसरा पाय घेतला. "मी कवा गेली नाय जोळीत. जाऊ पन नाय दिली. दीर म्हनायचे, मी हाय ना." ती तेल चोळत राहिली. "मग वाटणीला बसले तवा खांडीकडचं माझ्या पदरात पडलं. कोन बोलनार? मीबी नाय बोलली. तेच खाचर नितेशला दिलं मी." थोड्या वेळानं म्हणाली, "तेला काय तेचं."

निशिगंधा वाट बघत होती, की आता आय पुढं बोलेल. हौसानं तेलाच्या बाटलीचं बूच लावलं आणि परात उचलून मागल्या दारी गेली.

दुसऱ्या दिवशी नमिता आली. धोंडुबाई तिच्या मागं ओरडत बांधापर्यंत आली, "आगो बाळंतीन ना तू!" तेव्हा सगळी रांग हसली आणि शेवटी धोंडुबाईसुद्धा हसली. नमिता निशिगंधाशेजारी उभी राहिली.

"तुज्या घरचा तर तुजा भाऊ आलाय," निशिगंधा म्हणाली.

"भावाच्या घरचा भाऊ आलाय," नमिता म्हणाली. "ढेप दे."

मग रागावून आलेली एकजण आली. मग जिचा नवरा बोटीवर होता, ती. जनू रात्रपाळी करून थेट आला आणि त्याला झोप लागू नये म्हणून सगळे त्याला टोमणे मारत राहिले. "जनू, तू बायकांच्या रांगेत का रं?" "वेण्या घालायला शिकतोय," जनू म्हणाला. बाबाजीच्या पुकारण्यात यांतलं एकही घर नव्हतं. पण खांडीचं तोंड बाबाजीच्या हिशेबापेक्षा लवकर बांधून झालं. म्हाताऱ्यानं ते बघितलं. डोक्याची टोपी काढून टाळू खाजवली, टोपी परत घातली.

*

रेघ आखायच्या दिवशी हवेत गारवा होता. ओहोटी लागली होती. अपेक्षा घरोघर पुन्हा एकदा विचारायला सकाळीच आली होती, पण घरं रिकामी बघून काठ्यावर आली. चपला हातात घेऊन ती निशिगंधा आणि नमिता यांच्यामध्ये रांगेत शिरली. पहिलंच ढेप तिच्या हातून सुटून तिच्याच पायावर पडलं.

"रोह्याला चिखल नाय का गो?" धोंडुबाईनं विचारलं. धोंडुबाई आता रोज यायची, नुसती बोलायला.

बाबाजीनं बांबूचे खुंट काढले. पहिला आतल्या बाजूला ठोकला. दुसरा घेऊन तो निशिगंधाच्या खाचरात उतरला. तिथं पांढऱ्या सायीवर त्याची पावलं उमटत गेली.

निशिगंधा रांग सोडून खाली गेली आणि जिथं खुंट बसायचा होता तिथं उभी राहिली.

"बाबाजी, रेघ जुन्या वाटेनं न्या."

"हात नाय पुरत, सांगितलं ना बाय."

"मागं वळून बघा. पुरतात का नाय ते बघा."

बाबाजीनं बघितलं. रांग काठ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती, आणि तिला शेपूटही फुटलं होतं.

"ही काय जोळीतली घरं नाय," तो म्हणाला, पण आवाज पडला होता. "उद्या नाय आली तर मी कोनाला पुकारू? नाव असल्याबिगर कोन बांधील ऱ्हातो? आन रेघ थांबवायची तर घरानं बोलायला पायजे. तू कोनत्या घरची?"

"ह्या खाचराच्या."

"हे नितेशचं. नितेश कुठं हाय?"

काम थांबलं. ज्याच्या हातात ढेप होतं, तो ते धरूनच उभा राहिला. कमळाकर पुढं झाला. "बाबाजी, तो येनार हाय. कामाचं जरा..." त्यानं आईकडं बघितलं.

हौसा पाण्याची कळशी घेऊन काठ्यावर नुकतीच चढली होती. धाप लागली होती. भूमिका तिचा हात धरून होती. हौसानं कळशी खाली ठेवली. जोळ चालू असताना खाचरात उतरायला ती जन्मात पहिल्यांदा निघाली. पाय घसरला, भूमिकानं सावरलं. ती येऊन सुनेच्या शेजारी उभी राहिली. लुगड्याचा काठ चिखलात बुडाला.

"फोन येतो ना तेचा, हौसा?" बाबाजीनं हळूच विचारलं. म्हाताऱ्यानं तिला वाट काढून दिली होती. तिनं व्हय म्हणायचं, की झालं.

"नाय येत," हौसा म्हणाली. "कदीच नाय येत. नितेश नाय यायचा आता. तेनं तिकडं दुसरं घर केलंय, पोरगाबी हाय तेला. मला म्हाईत हाय, कमळाकरला म्हाईत हाय, तुमा सगळ्यांना म्हाईत हाय. ह्या घरात बाप्या नाय. हिनं एकटीनं पोर वाढवली. मीबी दोन वाढवली, एकटीनंच." तिनं वर रांगेकडं बघितलं, चिखलानं भरलेल्या अपेक्षाकडं. "आन गो रोह्याची, तूबी मोज, दोन चुली, दोन घरं. आन बाबाजी, उद्यापासनं पुकारशील तवा निशिगंधाचं घर म्हनून पुकार. ती ओ देईल."